आमची वाटचाल: गेरू, शाडू आणि दारावरच्या पाट्या

वृद्धाश्रमात जाऊन आर्टचे सेशन घ्यायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे असं घरी सांगितलं तेव्हा आईने पहिलं काय विचारलं, "म्हाताऱ्या माणसांकडून पैसे घेणार तू?" त्यांच्याकडून नाही गं, संस्थेकडून, असं म्हटलं खरं पण माझं मलाच पटत नव्हतं. मी, एक मैत्रीण आणि तिची स्कूटी, एवढ्यावर पुण्यात सुरुवात झाली.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. लहान मुलांची रंगवायची पुस्तकं नेली होती, ससे, फुलपाखरं वगैरे. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एका आजींनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं, "बाळ, माझी बालवाडी झालीय." तिथून पुढे सगळं त्यांच्याकडूनच शिकलो. शाडू माती गार लागते, संधिवाताच्या बोटांना नको वाटते, म्हणून आम्ही कोमट पाण्यात मळतो. हात थरथरत असेल तर ब्रशच्या दांड्याला फोम गुंडाळायचा, जाड झाला की पकड बसते. नजर कमी झालेल्यांना फिके रंग वेगवेगळे कळत नाहीत, तिथे गेरूवर पांढरा, वारलीसारखा, एकदम चालतो. अश्विनात भोंडला असतो, पाटावर हत्ती काढतो, फेर खुर्चीत बसूनच, आणि गाण्याच्या ओळी कुठली आधी कुठली नंतर यावर देशावरच्या आणि कोकणातल्या आज्यांची जी जुंपते की खिरापत ओळखायची राहूनच जाते.

पैशाचं मात्र अवघड. संस्था म्हणायच्या बजेट नाही. पण वाढदिवसाला, पुण्यतिथीला जेवण देणारे भरपूर, आणि निम्म्या लोकांना डायबेटिस, श्रीखंड खाणार किती? मग त्या देणगीदारांनाच विचारायला लागलो, जेवणासोबत एक सेशन देता का? आज आमचं बरंचसं काम त्यावरच चालतं. मार्च २०२० मध्ये गेट बंद झाली, सामानाचे पुडे बाहेर ठेवून यायचो, मैत्रिणीने नोकरी धरली, मीही जवळजवळ सोडलंच होतं.

सोडलं नाही ते एका आजोबांमुळे. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेले, आमच्या टेबलाकडे फिरकायचे नाहीत. एकदा सहज म्हटलं, खोल्यांवर नुसते नंबर आहेत, नावं लिहाल का? ऑइल पेंटच पाहिजे म्हणून अडून बसले, वासामुळे संस्थेने नाही म्हटलं, शेवटी ॲक्रिलिकवर आले तरी "हे पाणी आहे पाणी" चालूच. हात कापतो पण मनगट काठीवर टेकवून असं अक्षर काढतात की बघत राहावं. आता सगळ्या दारांवर नावं आहेत. फक्त त्या मुख्याध्यापिका आजींची पाटी तीनदा बदलून झालीय, आधी सासरचं नाव, मग माहेरचं, मग दोन्ही, आणि मागच्या मंगळवारी म्हणाल्या, नावबिव काही नको, नुसतं 'दार वाजवून आत या' लिहा.