फाइल मोठी आहे हे कळलं, पण नाही कोण म्हणतंय?

परवा परत तेच. माझ्या मशीनवर सगळं मस्त, सर्व्हरवर टाकलं की ४ एमबीचा फोटो अपलोड होत नाही आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये कॉर्सची एरर (कॉर्स म्हणजे दुसऱ्या डोमेनवरून आलेलं उत्तर वाचायला ब्राउझरला लागणारी परवानगी, ती उत्तराच्या हेडरमधून मिळते). दोन तास मी कॉर्सच्याच मागे, हेडर बदल, डोमेन बदल, कॅश उडव, काही फरक नाही. शेवटी एनजिनएक्सचा, म्हणजे माझ्या कोडच्या पुढे बसलेल्या वेब सर्व्हरचा, लॉग उघडला (जो आधीच उघडायला हवा होता, असो) तर तिथे ४१३ ची (म्हणजे "रिक्वेस्ट फार मोठी") रांग लागलेली. म्हणजे रिक्वेस्ट माझ्या कोडपर्यंत आलीच नव्हती, दारातूनच परत पाठवलेली, आणि कॉर्सचे हेडर लावतो माझा कोड, मग त्या उत्तरावर ते येणार कुठून, म्हणून ब्राउझर भलत्याच नावाने बोंबलत होता.

एनजिनएक्सची डिफॉल्ट मर्यादा १ एमबी आहे. क्लायंट मॅक्स बॉडी साइझ हे त्याचं सेटिंग वाढवलं, रीलोड केलं, वाटलं सुटलो. पण मागे पीएचपी बसलंय ना, माझा कोड ज्यात चालतो ते, त्याच्या परत दोन मर्यादा, एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या पोस्टला (म्हणजे फॉर्मसकट सगळ्या रिक्वेस्टला) ८ एमबी. पहिली ओलांडली तर निदान एरर कोड तरी मिळतो. दुसरी ओलांडली की पोस्ट आणि फाइल्स (फॉर्मचा डेटा आणि फाइली) दोन्ही अ‍ॅरे रिकामे येतात, आणि मग फॉर्म तपासणारं आपलं व्हॅलिडेशन युजरला सांगतं "नाव भरणं आवश्यक आहे". अरे, त्या बिचाऱ्याने नाव भरलंय! तो परत भरतो, परत तेच. यावर उपाय म्हणजे पोस्ट रिकामी आहे पण कंटेंट लेंग्थ (रिक्वेस्टच्या हेडरमधला आकार) मोठी आहे असं दिसलं तर फाइलचा मेसेज दाखवायचा, बाकी काही तपासायच्या आधी.

दुसरीकडे पण हेच. स्प्रिंग बूटमध्ये (जावाचं फ्रेमवर्क) फाइलला १ एमबी, रिक्वेस्टला १० एमबी. आयआयएस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर, निदान जुन्या आवृत्त्यांत तर ३ कोटी बाइट्सच्या वर गेलं की ४०४ देतो, म्हणजे "सापडलं नाही"! माणूस राउटिंगमध्ये (पत्ते जुळवण्यात) चूक शोधत बसतो.

मी आता आकडे आतून बाहेर वाढवत जातो. अ‍ॅपमध्ये १० एमबी, पीएचपीत फाइलला १२ आणि पोस्टला १५, एनजिनएक्सला २०. म्हणजे थोडी मोठी फाइल आली तर नाही म्हणायचं काम माझ्या कोडकडे राहतं आणि मेसेज मला हवा तसा देता येतो. सगळीकडे १० ठेवलं तर नेमकी १० ची फाइल अडकते, कारण मल्टिपार्टचं (फॉर्ममधून फाइल पाठवायच्या पद्धतीचं) वेष्टण आणि बाकीची फील्डं पण त्याच रिक्वेस्टमध्ये मोजली जातात. आणि कोणी बेस६४ करून (फाइलचं मजकुरात रूपांतर करून) जेसन डेटामध्ये फाइल कोंबत असेल तर ती तिथेच ३३ टक्के फुगते, कृपया नका करू.

ब्राउझरमध्ये फाइल निवडल्या निवडल्या साइझ बघून सांगणं हे करायचंच, युजरचा वेळ वाचतो, फक्त त्याला सुरक्षा समजू नका, रिक्वेस्ट कोणीही हाताने पाठवू शकतो.

व्हिडिओ वगैरे असेल तर मात्र आकडे वाढवत बसण्यात अर्थ नाही. सही केलेली (ठरावीक वेळेपुरती परवानगी देणारी) यूआरएल देऊन थेट एस३ वर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या फाइल साठवणुकीत, पाठवायचं, मोठी असेल तर तुकड्यांत, शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा, मग नेट तुटलं तरी तेवढाच तुकडा परत जातो. फक्त तिथे मर्यादा घालायची राहून जाते हां, छोट्या फाइलींना पोस्ट पॉलिसीमध्ये (एस३ ला दिलेल्या अपलोडच्या अटींमध्ये) कंटेंट लेंग्थ रेंज, म्हणजे किमान-कमाल आकार, लिहून टाका.