जंगलातलं अस्वल आणि मोरीतली चिचुंद्री

आमच्या बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठी ओळखलं जातं. हिवाळ्यात बोरं पिकली की पायवाटेवर त्यांची विष्ठा दिसते, नुसती आठळ्यांनी भरलेली. जंगलात या अस्वलाची धास्ती, तर घरी आईचं हाडवैर मोरीतल्या चिचुंद्रीशी. एक शंभरेक किलोचं धूड, दुसरी मूठभरसुद्धा नाही. तरी दोघांच्या सवयी बघितल्या की मला हसू येतं.

अस्वल मध, बोरं, मोहफुलं खातंच, पण त्याचा मोठा आधार म्हणजे वाळवी आणि मुंग्या. नखांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची आणि ओठ पुढे काढून वाळवी ओढायची. त्यासाठी वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, आणि नाकात किडे शिरू नयेत म्हणून नाकपुड्याही मिटता येतात. ओढण्याचा तो आवाज शंभर मीटरवरूनही ऐकू येतो म्हणे!

चिचुंद्रीही किडेखाऊच, फक्त तिच्या वाट्याला आमच्या ओट्याखालची झुरळं. लोक उंदीर समजून तिला औषध घालतात, पण ती उंदरांच्या गणातली नाहीच. कुरतडायचे दात नाहीत, बारीक टोकदार दात आणि सतत वळवळणारं लांब नाक. घाण वास येतो, ते कबूल. मांजरसुद्धा तिला पकडून तशीच टाकून देते.

नजर दोघांचीही अधू, सगळी भिस्त नाकावर. म्हणून चिचुंद्री भिंतीला चिकटून पळते. अस्वलाच्या बाबतीत हेच माणसाच्या जिवावर बेतू शकतं. वारुळात तोंड खुपसलेल्या अस्वलाला, पहाटे मोहफुलं वेचायला निघालेला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. मग ते दचकतं आणि सरळ अंगावर येतं. जंगलातून मोठ्याने बोलत, खाकरत चालावं ते यासाठीच.

अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते, पिल्लं तिचे लांब केस धरून बसतात. चिचुंद्रीची तऱ्हा वेगळी. गेल्या पावसाळ्यात आमच्या न्हाणीच्या उंबऱ्यावरून एक आई निघाली, मागे चार पिल्लं, प्रत्येकाने पुढच्याच्या शेपटीच्या बुडाशी दात रोवलेले. माझी आई झाडू घेऊन उभीच होती.

"जाऊ दे, लेकुरवाळी आहे," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोरीला जाळी बसवून घेतली, ती गोष्ट वेगळी.