चोपता-तुंगनाथ: मे महिन्यातल्या प्रिम्युला

हिमालयातली फुलं म्हटलं की आपल्याकडची मंडळी ऑगस्टचं व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचं बुकिंग करून मोकळी होतात. प्रिम्युला, म्हणजे डोंगरकुरणातली छोटी रानफुलं, बघायच्या असतील तर तो महिना चुकीचा. बर्फ वितळला की पाठोपाठ फुलणाऱ्या या वनस्पती. ऑगस्टपर्यंत बऱ्याचशा बिया धरून बसलेल्या असतात. म्हणून आम्ही मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तराखंडातलं चोपता गाठलं. ऋषिकेशहून रुद्रप्रयाग, उखीमठ करत गाडीने पूर्ण दिवस जातो. केदारनाथ करून येणाऱ्यांना हे फारसं आडवाटेला नाही.

चोपता साधारण २,७०० मीटरवर, तुंगनाथचं देऊळ साधारण ३,७०० मीटरवर. मधली चारेक किलोमीटरची वाट फरसबंदी आहे, खेचरंही चालतात. दोन-तीन तासांत वर पोचता येतं, पण फुलं बघणाऱ्याने अख्खा दिवस ठेवावा आणि पहाटेच निघावं. दुपारनंतर ढग उतरतात, कधी गाराही पडतात.

खाली बुरांशाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) लाल फुलं संपत आली होती. झाडी विरळ होऊन कुरणं लागली आणि जिथे जिथे वितळत्या बर्फाचं पाणी झिरपत होतं तिथे जांभळे गेंद दिसायला लागले. ही प्रिम्युला डेंटिक्युलाटा. आमच्यातल्या एक मावशी लगेच म्हणाल्या, "अगं, ही तर जांभळी घाणेरी!" गुच्छ पाहून तसं वाटणं साहजिक आहे. पण घाणेरी हे झुडूप, त्याला फांद्या आणि काटे. इथे सगळी पानं जमिनीलगत चक्रासारखी, त्यांच्या मधून एकच बिनपानांचा दांडा आणि दांड्याच्या टोकाला गेंद. पानं सुरकुतलेली, कडा दातेरी. पान न तोडता खालची बाजू बघा, बऱ्याचदा तिथे पांढुरकी पिठासारखी भुकटी असते. प्रत्येक पाकळीच्या टोकाला खाच आणि फुलाच्या मधोमध पिवळा डोळा.

नवख्याचा गोंधळ होतो तो उंचीवरून. नुकत्या मोकळ्या झालेल्या जागेत गेंद जवळजवळ मातीला टेकलेला असतो, खालच्या कुरणात तोच वीतभर दांड्यावर डोलत असतो. दोन वेगळ्या जाती समजू नका. फूल सरत जातं तसा दांडा वाढतो, पानंही मागाहून मोठी होतात.

खरी खूण मात्र फुलाच्या आत आहे. हा भाग अभयारण्यात येतो, तेव्हा तोडायचं काही नाही. वाटेवर गळून पडलेलं एक फूल उचललं, नखाने नळी उभी चिरली आणि दहापट भिंगाखाली धरलं. पाच पुंकेसर, आणि प्रत्येक पुंकेसर बरोबर पाकळीच्या समोर. इतर बहुतेक जोडपाकळ्यांच्या (पाकळ्या एकमेकींना जुळलेल्या) फुलांत ते दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीसमोर असतात. ही एक गोष्ट पाहिली की निम्मं काम झालं. त्याच फुलात परागकोश नळीच्या तोंडाशी होते आणि कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, खोल आत. शेजारच्या झाडावर उलट, तोंडाशी टाचणीच्या डोक्याएवढी हिरवट कुक्षी. एका झाडाची सगळी फुलं एकाच प्रकारची असतात. एका प्रकारचे पराग दुसऱ्या प्रकारावर पोचले तरच बी नीट धरतं, आणि डार्विनने १८६२ मध्ये याच भानगडीवर निबंध लिहिला होता.

याच कुरणात इवलीशी निळी जेन्शियन असतात. त्यांची पानं समोरासमोर आणि दर दोन पाकळ्यांच्या मध्ये छोटी जादा घडी. ॲनिमोनीच्या पाकळ्या सुट्या आणि पुंकेसरांचा पुंजका, त्यामुळे शंकेला जागाच नाही. प्रिम्युलाच्याच कुळातली अँड्रोसेस मात्र फसवते. गोल पानांची, फिकट गुलाबी फुलांची अँड्रोसेस रोटुंडिफोलिया खालच्या उतारांवर बघावी. तिच्या फुलाची नळी आखूड, हिरव्या पेल्यात जवळजवळ बुडालेली आणि तोंड आवळलेलं. प्रिम्युलाची नळी पेल्याबाहेर डोकावते.

फोटो काढताना नुसता गेंद टिपू नका. फूल समोरून, फूल बाजूने, पानाची खालची बाजू आणि आसपासची जागा, एवढे चार हवेतच, नाहीतर घरी येऊन नाव सांगणारा कोणी भेटणार नाही. गुडघ्याखाली घालायला प्लास्टिकचा तुकडा न्या, माती चिंब असते. चोपत्यात विजेचा भरवसा नाही, पॉवरबँक भरून न्या. मोबाईलची रेंजही जेमतेम. आणि कुरणात फार आत शिरू नका, तुडवलेली कोवळी पानं त्या वर्षी पुन्हा येत नाहीत.

ज्यांना एवढ्या लांब जमत नाही त्यांनी हिवाळ्यात आपल्याच रब्बीच्या शेताचा बांध बघावा. चौकोनी खोडाचं, समोरासमोर पानांचं, निळ्या फुलांचं अनागॅलिस तिथे तणासारखं उगवतं. तेही याच कुळातलं; पुंकेसर पाकळ्यांसमोर, त्या पुंकेसरांच्या अंगावर जांभळे केस, आणि फळ पिकलं की डबीच्या झाकणासारखं आडवं उघडतं. २००९ च्या वर्गीकरणानंतर तर आपलं वावडिंगही प्रिम्युलेसीत, म्हणजे याच कुळात, आलं. भिंगाचा हात तिथे बसवून घ्या. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचंच डोक्यात असेल, तर उद्यान १ जूनला उघडतं; त्या पहिल्या पंधरवड्यात जा, बर्फाच्या कडेकडेने चाला आणि मुक्काम घांघरियात ठेवा, आत रात्री राहू देत नाहीत.