दोन घरचा पाहुणा

जानेवारीतली गोष्ट. आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, हापिसात दुपारी साडेचारला मेल आला. 'रात्री पावसाचा अंदाज आहे. कापसाच्या गंज्यांवर ताडपत्री टाकून घ्यावी.' नऊ जणांना पाठवलेला, सुरुवात 'सर्वांस'. त्या नवांत मीही होतो. पाच मिनिटांत एकाचं 'नोटेड' आलं, मग दुसऱ्याचं 'ओके सर', तिसऱ्याने नुसता अंगठा दाखवला. एवढ्या जणांनी मनावर घेतलंय म्हटल्यावर मी निवांत चहा प्यायला गेलो. 'टाकतो' असं एकानेही लिहिलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

सकाळी मोठ्या गंजीत हात घातला तर कोपरापर्यंत ओला कापूस. आणि शेडमध्ये ताडपत्र्या सुतळीने बांधलेल्या, कोरड्या ठाक! चौकीदार भाऊ गेटजवळ शेकत बसले होते. त्यांना कुठला आलाय मेल. म्हणाले, "मले सांगतलं असतं त टाकली असती ना. रातभर इथंच त होतो."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, त्यात घरं वाईट नसतात. दोन्हीकडे भाकरी असते. फक्त हे समजतात तिकडे जेवला, ते समजतात इकडे. आमचा पाहुणा तर नऊ घरचा.

अमेरिकेत लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली हेच धूर सोडून पाहिलं. खोलीत माणसाला फॉर्म भरायला बसवायचं आणि भिंतीतून धूर आत सोडायचा. एकटा असला की शंभरातले पंचाहत्तर उठून सांगायला गेले. सोबत ठरवून गप्प बसणारे दोघं ठेवले, तर दहांत एकच उठला. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने वारत फॉर्म भरत राहिले. हसू नका, आमचं 'नोटेड' याहून वेगळं नव्हतं. माणूस आधी शेजाऱ्याचं तोंड पाहतो, आणि शेजारी याचं पाहत असतो.

त्या दिवशी मला आमचे काका आठवले. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे, तूप-हळद लावायची आणि म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." काका एका बैलाच्या खांद्यावर हात ठेवून हे म्हणत, मग वळसा घालून दुसऱ्याकडे जात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी लहान होतो, भूक लागलेली. म्हटलं, "काका, दोघाईले एकदमच सांगून द्या ना."

"नाही बाप्पा," काका म्हणाले. "मंग हा समजन त्याले सांगतलं, अन् तो समजन याले."