'माझा मित्र' आणि 'आपला मित्र'

न्यूयॉर्कच्या माफियात माणसाची ओळख करून द्यायची दोन ठरलेली वाक्यं होती. 'हा माझा मित्र' म्हणजे हा बाहेरचा आहे, त्याचं बरंवाईट माझ्या अंगावर. 'हा आपला मित्र' म्हणजे हा टोळीची शपथ घेतलेला आहे, याच्यासमोर मोकळं बोला. एका शब्दाच्या फरकावरून ऐकणाऱ्याला कळायचं, किती बोलायचं आणि उद्या बिनसलं तर मानगूट कुणाची धरायची.

गुंडांकडून नेतृत्व शिकायचं म्हटलं की लोक दरारा आणि निष्ठा उचलतात. दोन्ही खंडणीच्या पैशांवर आणि खुनाच्या भीतीवर उभी असतात, त्यामुळे बाहेर टिकत नाहीत. उचलण्याजोगं आहे ते हे जामीन राहणं.

नव्या सहकाऱ्याची ओळख करून देताना नुसतं 'हे आपल्या टीममध्ये आलेत' म्हणू नका. 'पुढचे तीन महिने यांचं काम मी बघतोय, काही अडलं तर आधी मला सांगा' असं सगळ्यांसमोर म्हणा. मुदत संपली की तितक्याच उघडपणे सांगा, 'आता यांचा निर्णय यांचाच.' बहुतेक ठिकाणी हे दुसरं वाक्य राहूनच जातं आणि माणूस दोन वर्षांनीही 'अमक्याचा माणूस' म्हणूनच वावरतो. एका वेळी दोघांपेक्षा जास्त जणांना जामीन राहू नये. तिसऱ्याचं काम डोळ्यांखालून जात नाही, फक्त कानावर येतं.

कानावरच्या भरवशाचं काय होतं, ते माफियातल्या बोनानो कुटुंबानं (टोळीला तिथे 'कुटुंब' म्हणतात) पाहिलं. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेचा जोसेफ पिस्टोन 1976 ते 1981 'डॉनी ब्रास्को' नावाचा दागिनेचोर बनून वावरला. टोळीतला एकेक जण त्याच्यावर भरवसा ठेवत गेला: आधी टोनी मिरा, मग लेफ्टी रुजेरो, मग सनी ब्लॅक नेपोलिटानो. आधीच्याचा शब्द आहे म्हटल्यावर पुढचा निर्धास्त. सनी ब्लॅक त्याला शपथ द्यायच्या तयारीत होता. खरं बाहेर पडल्यावर 1981 च्या ऑगस्टमध्ये सनी ब्लॅक मारला गेला, 1982 च्या फेब्रुवारीत मिरा. शिक्षा अशी असेल तर आपल्या माणसाबद्दलची शंका कोण बोलून दाखवेल? जामीन राहणाऱ्याला 'माझा अंदाज चुकला' म्हणायची सोय हवी, नाहीतर तो झाकतच राहणार.

नेता आणि त्याची माणसं यांच्यातल्या अंतराचा प्रश्न वेगळा. गॅम्बिनो कुटुंबाचा प्रमुख पॉल कॅस्टेलानो बंगल्यात बसून कारभार हाकायचा. त्याचा उपप्रमुख डेलाक्रोचे 2 डिसेंबर 1985 ला वारला, तर हा अंत्यदर्शनालाही गेला नाही, आणि त्या जागी आपला ड्रायव्हर-अंगरक्षक बिलोटीला बसवलं. डेलाक्रोचेची माणसं आधीच धुमसत होती. 16 डिसेंबरला मॅनहॅटनमधल्या एका स्टेक हाउसच्या दारात कॅस्टेलानो आणि बिलोटी गोळ्या घालून ठार झाले.

त्यामागचा जॉन गॉटी गादीवर आला आणि नेमका उलटा वागला. सगळ्या कॅप्टननी, म्हणजे गटप्रमुखांनी, मलबेरी स्ट्रीटवरच्या रेव्हनाइट क्लबात नेमानं हजेरी लावायची. जवळीक झाली खरी, पण एफबीआयला कोण कोण आहे याचे फोटो आयतेच मिळाले. वरच्या फ्लॅटमध्ये मायक्रोफोन लपवलेला होता. त्यात गॉटी आपला उजवा हात सॅमी ग्रॅव्हानो याच्या माघारी बोलत होता: हा हावरट आहे, खून याच्याच हट्टानं झाले. त्या टेप कोर्टात वाजल्या तेव्हा ग्रॅव्हानो शेजारीच बसला होता. 1991 संपायच्या आत तो सरकारी साक्षीदार झाला; पुढच्या एप्रिलमध्ये गॉटी दोषी ठरला.