आमची वाटचाल : मागचं झाकण उघडल्याशिवाय किंमत नाही

आमचं दुकान पुण्यात, पेठेत. अण्णांनी ते सत्तरच्या दशकात सुरू केलं तेव्हा पाटीवर एवढंच होतं : ‘येथे घड्याळे दुरुस्त करून मिळतील’. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि समोर बसायला एक स्टूल. ते टेबल अजून आहे. त्याच्या शेजारी आज आम्ही जुन्या मनगटी घड्याळांची पारख करतो आणि हे काम आता दुरुस्तीइतकंच मोठं झालं आहे. त्याची सुरुवात एचएमटीपासून होते.

१९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला आणि पुढची दोन-अडीच दशकं महाराष्ट्राच्या मनगटावर तीच घड्याळं होती. जनता, पायलट, सोना, कांचन. जावयाला एचएमटी, पास झालेल्या मुलाला एचएमटी, निवृत्त होणाऱ्या मास्तरांना मागच्या झाकणावर नाव कोरून एचएमटी. अण्णांच्या टेबलावर रोज ‘जनता’ उघडलेली असायची. त्याखेरीज घरात जपलेली स्विस घड्याळं यायची : रोमर, कॅमी, वेस्ट एंड आणि १८६५ पासून मुंबईत व्यापार करणारी फेवर ल्यूबा.

पावसाळ्यात चावीच्या बाजूने दमट हवा आणि पाणी आत जायचं, डायलवर डाग पडायचे. आयातीवर निर्बंध होते, परदेशी डायल मिळायची नाही. मग डायल मुंबईला कारागिराकडे जायची. तो जुना रंग काढून नवा चढवायचा, अक्षरं पुन्हा छापायचा. गिऱ्हाईक स्वतःच सांगायचं, ‘अण्णा, डायल नवी करून द्या.’ बिलावर तसं लिहिलेलं असायचं. त्या कारागिरांबद्दल मला आजही आदर आहे. एका पिढीची घड्याळं त्यांनी वापरात ठेवली.

मग सेलवर चालणारं क्वार्ट्झ आलं, टायटन आलं, मोबाईल आला. सेल बदलणं आणि पट्टे विकणं यावर दुकान तगलं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि त्या सुमारास दुकानात वेगळीच माणसं दिसू लागली. तिशीतली, चांगल्या नोकरीतली, आजोबांच्या घड्याळासारखं घड्याळ शोधणारी. मागणी वाढली, तशी रंगवलेल्या डायलची जुनी कला फसवणुकीला जुंपली गेली. मोडक्या घड्याळांतून मशीन घ्यायचं, पॉलिश करून झिजवलेल्या केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या पेटीत, बसवायचं, वर भडक रंगाची नवी डायल लावायची आणि ‘सत्तरच्या दशकातलं, न वापरलेलं’ म्हणून विकायचं. परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ते ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण त्या शहरात आजही अतिशय प्रामाणिक घड्याळजी बसलेले आहेत.

आमचा पारखीचा धंदा इथून सुरू झाला. एक तरुण इंटरनेटवरून घेतलेली ‘पायलट’ घेऊन आला. “काका, खरी आहे ना?” मी झाकण उघडलं. आत एचएमटीचं ०२३१ नंबरचं मशीन, १७ ज्वेल (म्हणजे चाकं झिजू नयेत म्हणून बसवलेले खडे), रोज चावी द्यायचं. मशीन अस्सल होतं, त्याचा चेहरा खुलला. पण हेच मशीन ‘जनता’मध्येही असतं. पायलटला भाव जास्त, म्हणून जनताचे काटे आणि डायल बदलली की पायलट तयार. मशीन खरं निघालं म्हणून घड्याळ खरं ठरत नाही, हे त्याला भिंगाखाली दाखवलं. मूळ डायलवरचं अक्षर किंचित उठलेलं असतं, कडा कापल्यासारखी स्वच्छ असते. त्याच्या डायलवर ‘एम’च्या पायात शाई पसरली होती, मिनिटाच्या रेघा तासाच्या खुणांशी जुळत नव्हत्या आणि डायलच्या अगदी तळाला जिथे बारीक अक्षरं हवीत तिथे काहीच नव्हतं. तो खट्टू झाला, पण पुढच्या वेळी पैसे देण्याआधी आला.

नव्या संग्राहकाला मी हेच सांगतो : घड्याळाला तीन साक्षीदार असतात, डायल, मशीन आणि केस. तिघांची साक्ष एकाच काळाची हवी. जपानी सेको फाईव्हचं उदाहरण सोपं आहे. मागच्या झाकणावर ७००९ सारखा मशीनचा नंबर असतो, तोच डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो आणि आतल्या मशीनवरही. ते चार आकडे जुळले पाहिजेत. सिरियल नंबरचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो, दुसरा महिना. ऑक्टोबरला ओ किंवा शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक कुठलं ते मशीनवरून ठरवायचं. नारिंगी किंवा पोपटी चकचकीत डायल आणि तळाला नंबरच नाही, अशी सेको बाजारात ढिगाने मिळते.

स्विस घड्याळात मी आधी काट्यांवरचं चमकणारं द्रव्य पाहतो. डायलच्या तळाशी ‘टी स्विस टी’ असेल तर त्यात ट्रिटियम आहे, आणि ते साठच्या दशकापासून वापरात आलं. तेव्हा १९४५ चं म्हणून विकायला आणलेल्या घड्याळावर ती अक्षरं दिसली की डायल नंतरची, हे नक्की. ट्रिटियमची ताकद साधारण सव्वाबारा वर्षांत निम्मी होते. साठ वर्षांपूर्वीची डायल रात्रभर हिरवीगार चमकत असेल तर कुणीतरी नवं द्रव्य भरलंय. त्याआधी चमकण्यासाठी वापरलं जाणाऱ्या रेडियमचं तसं नाही. त्याची चमक विझते, पण किरणोत्सर्ग शेकडो वर्षं राहतो. म्हणून जुनी रेडियम डायल घरी खरवडू नका, त्याची धूळ श्वासात जाता कामा नये. हे मी प्रत्येकाला हात धरून सांगतो.

पन्नास-साठच्या दशकातल्या ओमेगाच्या मशीनला तांबूस सोनेरी मुलामा असतो, मशीनवर नाव, कॅलिबर नंबर (मशीनचा प्रकार सांगणारा) आणि सिरियल नंबर असतो. विकणारा ‘झाकण उघडत नाही, वॉटरप्रूफ जाईल’ म्हणाला तर तिथून उठावं. घड्याळजीला झाकण उघडायला दोन मिनिटं लागतात.

दुकानाचे नियम आता ठरलेले आहेत. तपासणी केली की डायल, काटे, चावी, केस, मशीन यांपैकी काय मूळ आणि काय बदललेलं, ते कागदावर लिहून फोटोसह देतो. नक्की सांगता येत नसेल तर तसंच लिहितो. विकाऊ घड्याळाची डायल आम्ही रंगवून घेत नाही. डाग पडलेली, पिवळी झालेली मूळ डायल तशीच ठेवतो आणि हल्ली लोक त्यालाच जास्त पैसे देतात. कुणाच्या वडिलांचं घड्याळ असेल आणि घरच्यांना डायल नवी हवी असेल तर करून देतो, पण जुनी डायल पाकिटात घालून परत देतो. तिच्याशिवाय ते घड्याळ उद्या कुणालाच ओळखता येणार नाही.

पहिल्यांदा काय घ्यावं, असं विचारणाऱ्याला मी साधी, वापरलेली, ओरखडे असलेली ‘जनता’ सुचवतो. ती उघडून दाखवतो, भिंग त्याच्या हातात देतो. रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, तिथून लोक घड्याळ घेऊन थेट आमच्याकडे येतात. म्हणून रविवारची सुट्टी आम्ही सोमवारी हलवली आहे. पैसे देण्याआधी घड्याळाचे फोटो पाठवलेत तरी चालेल, फक्त त्यात मशीनचा एक फोटो हवा.