‘इतर’ या रकान्यातले पालक

बहिणीच्या मृत्यूनंतर तिची चार वर्षांची मुलगी आमच्याकडे राहायला आली, त्याला आता नऊ वर्षे झाली. शाळेच्या प्रवेशअर्जात पालकाच्या नात्यासाठी आई, वडील आणि इतर असे तीन पर्याय होते आणि मी ‘इतर’समोर खूण केली. त्या दिवसांत घरी येणारा प्रत्येक जण माझ्या मनाच्या मोठेपणाचे कौतुक करून जात असे. कौतुक मनापासूनचे होते, परंतु ज्याला एकदा थोर ठरवले जाते, त्याला आपण दमलो आहोत, चिडलो आहोत, क्वचित हा निर्णय चुकला असेही वाटते, हे बोलून दाखवण्याची सोय उरत नाही. मला तेव्हा झोप हवी होती आणि बहिणीसाठी रडायला थोडा एकांत हवा होता.

दत्तक घेणाऱ्या दांपत्याला निदान तयारीला वेळ मिळतो. चौकश्या, समुपदेशन आणि कागदपत्रे यांत महिने जातात. आजी, काका किंवा मावशी मात्र एका रात्रीत पालक होतात आणि पुष्कळदा त्यांच्या हाती कायद्याचा एकही कागद नसतो. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही कोणाची चालेल, हा प्रश्न आमच्यापुढे आला तो रुग्णालयातच, मुलीला ताप चढलेला असताना. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ मध्ये स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत, नात्यातून अनौपचारिकपणे मूल सांभाळणाऱ्यांनाही उपलब्ध सेवा आणि लाभ मिळावेत, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ‘घरचेच तर आहेत’ या एका वाक्यावर त्यांची बोळवण होते.

आजी-आजोबांची स्थिती तर अधिक गुंतागुंतीची असते. मुलाचे आईवडील हयात असूनही व्यसनामुळे, आजारामुळे किंवा तुरुंगवासामुळे दुरावलेले असतील, तर धड गेलेले नाही आणि धड असलेलेही नाही, असे ते दुःख असते. त्याचा शोक करण्याची मुभाही कोणी देत नाही. नातवंडाला जवळ घेताना आजीला स्वतःच्या लेकीचा राग येतो, त्या रागाची लाज वाटते, आणि ती लेक दारात उभी राहिली तर तिला आत घ्यावे की नाही हेही तिलाच ठरवावे लागते. अशा वेळी आजीला समुपदेशकाची गरज मुलाइतकीच असते.

माझ्या एका मैत्रिणीने सहा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. दत्तकविधान होईपर्यंत तिच्याकडे अधिकाऱ्यांची ये-जा होती. आदेश हाती आला आणि सगळे शांत झाले, नेमके तेव्हाच तिचे प्रश्न सुरू झाले. मुलगा उशीच्या अभ्र्यात खाऊ लपवत असे आणि शाळेत शहाण्यासारखा वागून घरी आल्यावर तिच्यावर हात उगारत असे. हट्ट केला की खोलीत एकटे बसवा, असा सल्ला तिला मिळाला. जे मूल एकदा सोडले गेले आहे, त्याला एकटे बसवणे म्हणजे त्याची भीती खरी करून दाखवणे, हे सांगायला जाणकार कोणी नव्हते. शेवटी दत्तक पालकांच्या एका छोट्या गटात दुसरी आई सहजपणे म्हणाली, “आमच्याकडेही दोन वर्षे असेच चालले होते.” तिच्या सांगण्यावरून मुलाच्या हाताला येईल असा खाऊचा डबा ठेवला गेला आणि तो कधीही रिकामा होऊ द्यायचा नाही, असा घरात नियम झाला. लपवणे हळूहळू कमी झाले. मला विचाराल, तर त्या डब्याइतकेच मोल ‘आमच्याकडेही’ या शब्दाचे होते.

रोमानियात बुखारेस्ट येथे २००० च्या सुमारास सुरू झालेल्या एका अभ्यासात अनाथालयांतील १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना पालक कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्यांची मुले दत्तक न घेता आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवण्यात आले. त्यांचा विकास अधिक चांगला झाला, विशेषतः वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधी घर मिळालेल्यांचा, आणि संस्थेपेक्षा कुटुंब बरे हे सांगण्यासाठी या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. त्या कुटुंबांना मानधन आणि प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्यांची नियमित साथ होती, हा भाग मात्र सांगणाऱ्यांकडून बहुधा गळतो. (तो वाचला तेव्हा मला त्या अनोळखी कुटुंबांचा चक्क हेवा वाटला.)

आम्हालाही साथ मिळाली, पण ती शेजारून. “काही लागले तर सांगा” असे बरेच जण म्हणत, आणि काय लागेल हे ठरवण्याइतकेही त्राण माझ्यात नसल्यामुळे मी कोणालाच काही सांगितले नाही. शेजारच्या काकूंनी विचारले नाही. “दर बुधवारी चार ते सहा मी हिला घेऊन जात जाईन,” एवढेच त्या म्हणाल्या आणि दोन वर्षे त्यांनी एकही बुधवार चुकवला नाही. त्या दोन तासांत मी बहुतेक वेळा नुसती झोपून राहिले.